सेनिओच्या काठावरचा नगरचा जवान

नगरच्या सावेडीत माजी सैनिकांची घरं थोडी नाहीत. त्या घरांत शौर्याच्या गोष्टी निघतात. पण लढाई माणसाच्या आत काय करते, हे क्वचितच कुणी बोलतं.

आपल्याच जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव. 9 एप्रिल 1945, इटलीतली सेनिओ नदी, वय अवघं 23. मराठा लाइट इन्फंट्रीची त्यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात जवळजवळ संपली. नामदेवांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुखरूप आणलं. मग मेलेल्यांचा सूड घ्यायचा म्हणून ते एकटेच परत फिरले. हाताला जखम झाल्यावर बंदूक टाकली, हातबॉम्ब घेतले आणि शत्रूचे मोर्चे उडवले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

करुणा आणि संहार, एकाच तरुणाच्या हातून, एकाच लढाईत! मला हे पदकापेक्षाही महत्त्वाचं वाटतं.

सूडाच्या अशा क्षणी मनात काय होतं? अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार केले. 1994 सालच्या पुस्तकात त्यांनी दाखवलं, की जिवलग सोबती डोळ्यांदेखत गेला की कित्येक जवान बेभान होतात. भीती जाते, दयाही जाते. समोरचा माणूस माणूस वाटेनासा होतो. ही अवस्था युद्धासोबत संपतेच असं नाही. झोप उडते, घरच्यांवर राग निघतो, लेकराला जवळ घेणंही जड जातं.

अशा घरांसाठी 14416 ही सरकारची फोनवरची टेलि-मानस मानसिक आरोग्य सेवा विनामूल्य आहे. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा खास कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात 2023 मध्ये सुरू झाला.