देहातील निरवानिरव

(मंडळाच्या शिरूर-दौंड विभागाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



दरवर्षी या व्यासपीठावरून विद्यार्थ्यांचा गुणगौरव होतो, वधूवरांची माहिती सांगितली जाते आणि दिवंगत सभासदांना श्रद्धांजली वाहिली जाते. यंदा आरोग्यविषयक चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकविलेला मी मनुष्य. तेव्हा आपल्या देहात क्षणोक्षणी घडणाऱ्या मृत्यूविषयी बोलावे, असे मी ठरविले. विषय ऐकून कोणी दचकू नये. हा मृत्यू अशुभ नाही. त्याच्यावाचून जगणेच अशक्य आहे.

आपल्या देहात रोज सुमारे ३३ हजार कोटी पेशी मरतात आणि जवळजवळ तितक्याच नव्या जन्मास येतात. रक्तातील तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. इतके मृत्यू रोज घडूनही आपल्याला ना ताप येतो, ना कोठे सूज चढते. हे कसे घडते?

१९७२ साली केर, वायली आणि करी या तिघा शास्त्रज्ञांनी या शिस्तबद्ध पेशीमृत्यूला ‘ॲपॉप्टोसिस’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. आपल्याकडे लिंबाची जुनी पाने गळतात, म्हणून झाड मेले असे कोणी म्हणत नाही. तसेच हे आहे. अशी पेशी मरताना आकसते, आपले तुकडे आवरणात नीट बांधून ठेवते आणि एरवी आतल्या बाजूस असणारा एक स्निग्ध पदार्थ बाहेरच्या पृष्ठभागावर आणते. ‘मला उचलून न्या’ अशी ती खूण असते. भक्षक पेशी ती खूण ओळखून त्या तुकड्यांना गिळतात आणि दाह शमविणारे संदेश सोडतात. या भक्षक पेशींचे कार्य मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ साली प्रथम ओळखले. त्याबद्दल १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

दौंड तालुक्यातल्या मंडळींना गुऱ्हाळाचा दृष्टान्त पटेल. उकळत्या रसावर मळी येणे हा दोष नव्हे. ती वेळेवर न काढणे हा दोष. मळी रसातच राहिली, तर सारा गूळ बिघडतो.

देहातही तसेच होते. मृत पेशी वेळेवर उचलल्या गेल्या नाहीत, तर त्या फुटतात आणि त्यांच्यातील द्रव्ये बाहेर सांडतात. त्यांच्या केंद्रातील डीएनए उघड्यावर पडला, की रोगप्रतिकारशक्ती कधी कधी त्यालाच शत्रू समजते आणि स्वकीयांवरच शस्त्र उगारते. ल्युपस या रोगात असेच घडते. तो विशेषतः तरुण स्त्रियांना होतो आणि सांधे, त्वचा, मूत्रपिंडे यांना पीडा देतो.

परंतु ज्या रोगासाठी मी आज येथे उभा आहे, तो म्हणजे क्षय. त्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ सालीच जगापुढे आणला. श्वासावाटे फुप्फुसात गेलेला हा जंतू भक्षक पेशी गिळते. पण तो तिच्या पोटातच तळ ठोकतो. ती पेशी शिस्तीने मेली, तर जंतूही तिच्या तुकड्यांत कोंडलेला राहतो. दुसरी भक्षक पेशी दोघांनाही गिळते आणि बहुधा जंतूचा निकाल लागतो. हे जाणूनच की काय, प्रबळ क्षयजंतू त्या शांत मृत्यूला अडवितो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. मग देह त्याच्याभोवती गाठीचा कोट रचतो. कोटाच्या आत नासक्या दुधाच्या चोथ्यासारखे मृत द्रव्य साठते. बहुतेकांच्या बाबतीत कोट टिकतो आणि आजार होत नाही. तो फुटला, की फुप्फुसात पोकळी पडते आणि खोकल्याबरोबर जंतू घरभर पसरतात.

त्या मृत द्रव्यात मंदपणे जगणाऱ्या जंतूंपर्यंत औषध सावकाश पोहोचते. म्हणून खोकला काही आठवड्यांत थांबला, तरी साध्या क्षयाचे औषध साधारणतः सहा महिने घ्यावेच लागते.

आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीची पदवी मिळविली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. तेव्हा औषधच नव्हते. आमच्या घरी मात्र औषध होते. १९८६ साली माझ्या धाकट्या चुलत बहिणीला क्षय झाला. तिचे लग्न ठरत होते. पाहुण्यांच्या दृष्टीस गोळ्या पडू नयेत, म्हणून वडीलधाऱ्यांनी दोन महिन्यांतच त्या बंद करविल्या. मी जीवशास्त्राचा शिक्षक. मला सारे ठाऊक होते, तरी मी गप्प बसलो. वर्षभरात तिला रक्ताची गुळणी आली. दीर्घ उपचारांनी ती वाचली, पण एक फुप्फुस कायमचे दुबळे झाले. ते मौन अजून माझ्या मनातून गेलेले नाही.

बंधुभगिनींनो, देहाने जे निस्तरावयाचे ते आपण झाकू लागलो, तर रोग बळावतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला, तर तपासणी करावी. सरकारी रुग्णालयात तपासणी आणि औषध विनामूल्य मिळते. नोव्हेंबर २०२४ पासून रुग्णाच्या पोषणासाठी दरमहा १००० रुपयेही दिले जातात. वधूवर पाहताना क्षयाचा उपचार पूर्ण केलेल्या मुलामुलींना दोष लावू नये. उपचार पुरा केला, हे लपविण्यासारखे नाही, सांगण्यासारखे आहे.

पुढच्या मेळाव्यापर्यंत आपल्यातील एका घराने जरी हे ध्यानात ठेवून गोळ्यांचा डबा फडताळाआड न लपविता उघड्यावर ठेवला, तरी माझे बोलणे सार्थकी लागले, असे मी समजेन.