पायी चालणाऱ्याचा हिशेब



मुंबईच्या रहदारीचा विषय निघाला की मोटारींची कोंडी प्रथम आठवते. मला आज एका जिन्याविषयी बोलावयाचे आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर, पावसाची सर आली म्हणून थांबलेले आणि पाठोपाठच्या गाड्यांतून उतरलेले लोक यांची चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मृत्युमुखी पडली.

हा केवळ दैवाचा घाला म्हणता येत नाही. परळ हे गिरणगाव होते तेव्हा कामगार जवळच्या चाळींत राहत आणि भोंगा झाला की पायी कामावर जात. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, त्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले आणि तेथला नोकरवर्ग दूरच्या उपनगरांतून आगगाडीने येऊ लागला. मनोऱ्यांवर मजले चढले. पूल मात्र होता तेवढाच राहिला. रुंद पुलास मंजुरी मिळाली होती, पण काम सुरू झाले नव्हते. अपघातानंतर लष्कराच्या अभियंत्यांनी उभारलेला नवा पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. अर्थात अडचण विद्येची नव्हती.

याच शहरात २००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू सुरू झाला. लांबी सुमारे ५.६ किलोमीटर, खर्च सुमारे १,६०० कोटी रुपये. सेतू देखणा आहे, यात शंका नाही. परंतु त्यावर पायी चालणाऱ्यास, सायकलस्वारास, किंबहुना स्कूटरवाल्यासही मज्जाव आहे.

असे का व्हावे? माझ्या मते दोष मोजणीच्या रीतीत आहे. रस्त्याची आखणी करताना सर्व वाहने मोटारीच्या मापाने मोजतात. एक बस म्हणजे साधारण तीन मोटारी. मग बसमध्ये साठ माणसे असोत वा सहा, माप तेच. आणि पादचारी तर या मापात येतच नाही. माणसे मोजली, तर बसला स्वतंत्र मार्गिका देणे हा उपकार न ठरता साधा हिशेब ठरेल. लोकल गाड्यांनी २०२० च्या महासाथीपूर्वी रोज सुमारे ७५ लक्ष प्रवासी जात. त्यांपैकी जवळजवळ प्रत्येक जण स्थानकाबाहेर पडताच पादचारी होतो.

त्याच्यासाठी काहीच केले नाही, असे मात्र नाही. २००८ पासून स्थानकांबाहेर ‘स्कायवॉक’ उभारले गेले. वृद्धांनी जिने चढावेत आणि मोटारीने सपाटीवरून जावे, अशी ही व्यवस्था! वांद्रे-कुर्ला संकुलात सायकलींसाठी मार्ग आखला. त्यावर लवकरच मोटारी उभ्या राहू लागल्या. घरापासून स्थानकापर्यंत सलग वाट नसेल तर मधल्या तुकड्याकरिता कोण सायकल काढील?

आपल्या शहरास या कामी दुसऱ्यांकडून धडे घ्यावयास नकोत. येथे १८७४ साली घोड्यांची आणि १९०७ साली विजेची ट्राम धावली. १९२५ साली विजेची आगगाडी आली. ट्राम १९६४ साली बंद झाली. तिने मोकळी केलेली जागा बसला राखून ठेवली असती, तर आजचे चित्र निराळे असते.

महापालिकेचे अंदाजपत्रक दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास मांडले जाते. पुढील खेपेस वृत्तपत्रांत त्याचे आकडे येतील, तेव्हा रस्ते व पूल या सदरांखाली पदपथांची रक्कम श्रोत्यांनी अवश्य शोधून पाहावी.