खाऱ्या पाण्यातला अनोळखी पाहुणा



समुद्र आपल्या खानदेशापासून दूर. तापीमाई तेवढी सुरतेपलीकडे त्याला जाऊन मिळते. तरीही जळगाव-धुळ्याकडचा एखादा हौशी गृहस्थ काचेच्या हौदात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षारांचे पाणी करतो आणि विकत आणलेला समुद्री दगड त्यात ठेवतो. काही दिवसांनी त्या दगडावर कोणी न लावलेले फूल उमलते. ते ओळखावे कसे, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

ते फूल नव्हे. बहुधा प्राणी होय. एकटा, तपकिरी, पारदर्शक, लांब मिशांचा आणि डिवचताच फटीत आक्रसणारा असेल, तर तो ‘ऐप्टेशिया’ जातीचे समुद्रफूल असण्याचा संभव मोठा. त्याला उपटू गेल्यास तळाशी राहिलेल्या तुकड्यांतून नवे प्राणी वाढतात, रक्तबीजाचीच गोष्ट! उलट, बटणासारख्या चकत्या, त्यांच्या कडेला आखूड मिशा आणि सगळ्यांचे बूड एकमेकांना जोडलेले, असे दिसले तर ते ‘झोअँथिड’ समजावेत. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे जालीम विष असते. असे दगड उकळत्या पाण्याने साफ करताना वाफेमुळे माणसांना विषबाधा झाल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा ओळख पटेपर्यंत उघडा हात नको, सुरी नको, कढत पाणी तर नकोच.

मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना 1911 च्या सुमारास सातारा जिल्ह्यात, नदीच्या गोड्या पाण्यात, जेलीफिश आढळला. त्या प्रजातीचे प्राणी तोवर आफ्रिकेतच ठाऊक होते. ‘इथे हा कसा असेल?’ म्हणून आघारकरांनी तो नजरेआड केला नाही. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या अ‍ॅनन्डेल यांनी तपासून त्याला ‘लिम्नोक्निडा इंडिका’ हे नाव दिले. हा जेलीफिश काय किंवा हौदातले समुद्रफूल काय, दोघेही दंशपेशी असलेल्या एकाच कुळातले.

आम्ही सुचवतो ते इतकेच. भिंग घ्या. प्राणी दिवसा उमलतो की रात्री, एकटा की समूहाने, खाणे कसे पकडतो, हे आठवडाभर वहीत टिपा, चित्र काढा आणि मग जाणत्या प्राणिशास्त्रज्ञाला विचारा. हौद नसेल त्याने गावच्या तळ्यातली पाणवनस्पती बाटलीत ठेवून पाहावी. तिच्यावर याच कुळातला हायड्रा सापडण्याचा संभव आहे.