लाल रंगवलेला हातपंप

(मिशन रविवारी नांदेड येथे मंडळीपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी मी इथे उभा राहतो आणि किती हातपंप, किती चष्मे, किती वह्या हे सांगून खाली बसतो. आज एकाच हातपंपाविषयी बोलतो. तो आपणच दिला होता, आणि आता आम्हीच तो लाल रंगवला आहे.

किनवट तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी एक कोलाम पोड आहे. नाव सांगत नाही; तिथल्या लेकरांकडे कुणी बोट दाखवू नये. पैनगंगा पावसाळ्यात सहस्रकुंडला कशी कोसळते हे तुम्ही सहलीत पाहिलंय. पण तिला मिळणारे डोंगरातले नाले उन्हाळ्यात आटतात. मग बाया नाल्याच्या रेतीत झिरा उकरतात आणि वाटीवाटीने हंडा भरतात. ते पाहून आपलं मन द्रवलं. बोअर पाडला, प्रार्थना झाली, फीत कापली. पाण्याची तपासणी मात्र कुणाला सुचली नाही. मलाही नाही.

त्या पोडातली एक आजी ते पाणी भरेना. मी म्हणालो, “आजी, हे नितळ पाणी सोडून झिऱ्याचं का पिता?” त्या म्हणाल्या, “दादा, या पाण्यानं डाळ शिजत नाही. तोंडालाबी बरं लागत नाही.” मी हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

काही वर्षांनी शाळेत दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसले. मला वाटलं, दात घासत नसतील. मोठ्यांचे दात बरे होते, त्यामुळे शंकाही आली नाही. पण कायमचे दात हिरडीच्या आत घडत असतात तेव्हाच पाण्यातलं फ्लोराइड त्यांना बाधतं. म्हणून ते मुलांत दिसतं. मोठ्यांना वर्षानुवर्षांनी हाडं आणि सांधे धरतात. दातांवरचा डाग पुन्हा जात नाही.

शेवटी पाणी भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत दिलं. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरं पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत. आपल्या हातपंपाचं त्याहून जास्त निघालं.

असं का झालं? मराठवाडा म्हटलं की आपल्याला काळा पाषाण आठवतो. पण नांदेडच्या पूर्वेकडे, किनवट, बिलोली, देगलूरच्या भागात जागोजागी ग्रॅनाइटची जुनी जमीन आहे. खोलवरचं पाणी अशा खडकात वर्षानुवर्षं मुरतं आणि त्यातलं फ्लोराइड विरघळून घेतं. म्हणजे पाणी लागेना म्हणून आपण जितकं खोल जातो, तितका धोका वाढू शकतो. डाळ न शिजणं हे जडपणाचं लक्षण, फ्लोराइडचं नव्हे. आजींचं कारण वेगळं होतं, पण पाण्याकडे त्यांनी लक्ष दिलं होतं आणि आम्ही दिलं नव्हतं.

मग झिरा बरा का? तोही नाही. झिऱ्याचं पाणी तपासणीच्या बाटलीत भरून ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी काळं झालं. म्हणजे त्यात विष्ठेचे जंतू. पहिल्या पावसात पोडात हगवण का लागते, ते कळलं. जंतू उकळून मरतात. फ्लोराइड उकळून जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट दाट होतं. तुरटी आणि चुन्याने ते काढायची नलगोंडा पद्धत आहे, नागपूरच्या नीरी संस्थेने शोधलेली. पण ती रोज, मापाने करावी लागते. पोडात तेवढी तुरटी रोज कोण आणणार?

2016 साली मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी आलं, हा आकडा आपल्याला पाठ आहे. तेव्हापासून दुष्काळ म्हटला की आपण लिटरच मोजतो. मीही तेच मोजत होतो.

2 राजे, दुसऱ्या अध्यायात यरीहोचे लोक अलीशाला सांगतात की नगर चांगलं आहे, पण पाणी वाईट. त्याने त्यांचं ऐकलं, नवं भांडं आणि मीठ मागितलं आणि थेट उगमापाशी गेला. त्याला नगराचे लोक आधी बोलले, हे मी इतकी वर्षं वाचून सोडून दिलं होतं.

नाल्याकाठी एक जुनी उघडी विहीर आहे. तिच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेत आहे, जंतू मात्र आहेत. तिला कठडा हवा, झाकण हवं आणि वेळेवर टीसीएल पडायला हवं. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायांना पाणी तपासायला शिकवतात. पोडातल्या दोघी तयार आहेत. एक त्या आजींची सून. लाल हातपंपाचं पाणी धुण्याला आणि गुरांना आहे, पिण्याला नाही.

यंदा एका कुटुंबाने आईच्या स्मरणार्थ नवा बोअर देऊ केला होता. मी त्यांना हे सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मग कठडाच बांधा.” बाकीच्या पोडांत आपण दिलेले हातपंप मी पुढच्या महिन्यापासून तपासायला घेतो आहे. नमुने नेण्यासाठी एक मोटरसायकल आणि आठवड्याचा एक दिवस देणारा तरुण मला हवा आहे. उपासना संपल्यावर मी दारापाशी थांबतो.