दुकानात सडलेल्या टोमॅटोचे पैसे कोण भरतो?

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेर, अकोले भागात टोमॅटो बराच होतो. कॅरेट बाजारात उतरले, पट्टी हातात पडली, की आपण म्हणतो, सुटलो! पुढे माल सडला तर तो दुकानदाराचा तोटा, आपल्याला काय त्याचं? पण हिशेब तसा नाही, बरं का.

समजा, फुटकर दुकानदाराने २० किलोचे कॅरेट ४०० रुपयांना घेतले. त्यातले ३ किलो पिचके, डागी निघाले. उरले १७ किलो. नुसते ४०० रुपये सुटायचे तर किलोला साडेतेवीस रुपये यायला हवेत. गाळाभाडे, नफा वेगळाच. गिऱ्हाईक जास्त देत नाही, म्हणून तो व्यापाऱ्याकडे भाव पाडून मागतो आणि व्यापारी लिलावात हात आखडता घेतो. सडलेल्या ३ किलोंची किंमत अशी फिरून आपल्याच पट्टीत कापली जाते.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लुधियानाच्या केंद्रीय संस्थेच्या पाहणीत, तोडणीपासून विक्रीपर्यंत देशात टोमॅटोची सुमारे साडेबारा टक्के नासाडी आढळली. तिचे मूळ पुष्कळदा शेतातच असते. तेव्हा एवढे करा:

१. लांबच्या बाजारासाठी टोकाला नुकती लाली येताच तोडा. जवळच्यासाठी अर्धे लाल चालेल. पूर्ण लाल फळ गावातच विका.

२. तोडणी सकाळी, दव उतरल्यावर करा. माल लगेच सावलीत आणा.

३. देठ काढा, तो शेजारच्या फळाला टोचतो. चिरकी, किडकी फळे बाजूला काढा. एक फुटके फळ सारे कॅरेट नासवते.

४. कॅरेट धुऊन, वाळवून वापरा. शीग लावून भरू नका, वरच्या कॅरेटखाली फळ चेंगरते.

५. वर चांगला आणि तळाला डागी, असा माल भरू नका. घेणारा ते विसरत नाही.

आवक वाढली की भाव पडणार, ते आपल्या हाती नाही. पण पडत्या बाजारात निवडक मालाला गिऱ्हाईक आधी मिळते. या हंगामात दर तोड्याला निवडलेला आणि डागी माल वेगळा मोजून, त्याचा भाव वहीत लिहा. महिन्याभरात तुमची वहीच तुम्हाला सांगेल.