प्रयोगात मुले मोजावी की शाळा?



अध्यापनाच्या एखाद्या नव्या पद्धतीचा प्रयोग झाला, म्हणजे “सहाशे मुलांवर पडताळा घेतला” असे सांगण्यात येते. आकडा मोठा असला की विश्वासही मोठा बसतो. परंतु ती सहाशे मुले किती शाळांतील होती, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा होय.

शिकविण्याची पद्धत बहुधा संपूर्ण वर्गाला लागू होते. एका बाकाला नवी आणि दुसऱ्याला जुनी, असे करता येत नाही. म्हणून चिठ्ठ्या मुलांच्या नावांच्या न टाकता शाळांच्या नावांच्या टाकतात. मुंबई व वडोदरा येथील महापालिका शाळांत २००१ ते २००३ या काळात झालेला ‘बालसखी’ प्रयोग अशाच प्रकारचा होता. ‘प्रथम’ संस्थेच्या या उपक्रमात वाचन-गणितात मागे पडलेल्या मुलांना त्याच परिसरातील तरुणी शिकवीत. कोणत्या शाळेत ही मदत तिसरीला द्यावी व कोणत्या शाळेत चौथीला, हे चिठ्ठीने ठरले.

आता एका शाळेतील मुले पाहा. त्यांचे शिक्षक एक, गाव एक, सुगीच्या दिवसांतील गैरहजेरीही सारखीच. साहजिकच त्यांचे गुण एकमेकांच्या जवळ येतात. या साम्याच्या मापाला गटांतर्गत सहसंबंध म्हणतात. गुणांतील एकूण फरकापैकी शाळाशाळांमधील फरकाचा वाटा किती, हेच ते माप.

ते काढण्याची रीत अशी. गुणांचा विखुरलेपणा विचरणाने, म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांच्या सरासरीने, मोजतात. समजा, ३० शाळांतून प्रत्येकी २० मुले तपासली. शाळेच्या आत मुलामुलांमधील विचरण ८० आले आणि शाळांच्या सरासरी गुणांचे विचरण २४ आले. या २४ मध्ये, वीसच मुले निवडल्यामुळे, ८० भागिले २० म्हणजे ४ इतका योगायोगाचा अंश असतो. तो वजा करता शाळाशाळांमधील खरे विचरण २० उरते. एकूण ८० अधिक २०, म्हणजे १००, त्यांपैकी २०. सहसंबंध ०.२० झाला.

याचा परिणाम लहान नव्हे. एका शाळेतील मुलांच्या संख्येतून १ वजा करून सहसंबंधाने गुणावे व १ मिळवावा: १९ गुणिले ०.२० अधिक १, म्हणजे ४.८. ६०० ला ४.८ ने भागता १२५ येतात. म्हणजे त्या ६०० मुलांचा पुरावा परस्परांशी संबंध नसलेल्या १२५ मुलांइतकाच ठरतो. तीच ६०० मुले ६० शाळांतून दहा-दहा घेतली, तर तो सुमारे २१४ मुलांइतका होतो. मुले वाढविण्यापेक्षा शाळा वाढविणे हिताचे, ते यासाठीच. अमेरिकेतील लिंडक्विस्ट यांनी १९४० साली आपल्या ग्रंथात शैक्षणिक प्रयोगांच्या बाबतीत हाच इशारा दिला होता.

हा केवळ गणिताचा खेळ नाही. एकाच शाळेत यश आले, तर ते पद्धतीचे की तेथील शिक्षकाच्या तळमळीचे, हे सांगता येत नाही. योगायोगाला गुण समजून ती पद्धत साऱ्या तालुक्यावर लादली, तर मुलांचे वाया गेलेले वर्ष परत येत नाही.

म्हणून प्रत्येक मुलाचे गुण शाळेच्या नावासह स्वतंत्र नोंदवावेत. केवळ सरासरी कळवू नये. चिठ्ठीत ज्यांची शाळा निघाली नाही, त्यांनीही परीक्षा तितक्याच प्रामाणिकपणे घ्यावी. त्या शाळांवाचून तुलनाच होत नाही.