पाठ केलेले चित्र नको



सप्टेंबर सरत आला की अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या फलाटांवर सकाळी गणवेशातली काही मुले वेगळीच दिसतात. पाठीवर दप्तर नसते. काखेत ड्रॉइंग बोर्ड, त्यावर पावसासाठी चढवलेली प्लास्टिकची पिशवी, आणि दुसऱ्या हातात रंगांचा डबा. ही मुले शासकीय रेखाकला परीक्षेला निघालेली असतात. घरोघरी तिला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट याच नावांनी ओळखतात. महाराष्ट्राचे कला संचालनालय ती घेते. दोन दिवसांत चार पेपर होतात: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती-अक्षरलेखन. इंटरमिजिएटला वस्तुचित्राचे स्थिरचित्र होते आणि भूमितीत घनभूमितीची भर पडते.

इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात: ‘अ’ला ७, ‘ब’ला ५, ‘क’ला ३. त्या गुणांसाठी पुष्कळ पालक मुलांना या परीक्षेला बसवतात. त्यात गैर काही नाही. गैर आहे ती त्यापायी होणारी घोकंपट्टी.

स्मरणचित्राचेच पाहा. अनेक ठिकाणी मुलांकडून एकच तयार चित्र घोटवून घेतले जाते. डावीकडे झाड, उजवीकडे घर, मध्ये फुगेवाला आणि दोन पाठमोरी मुले. विषय बाजाराचा आला तर फुगेवाल्याच्या जागी भाजीवाली बसवायची, बसथांब्याचा आला तर झाडाशेजारी खांब रोवायचा. तपासणाऱ्यासमोर अशी एकसारखी चित्रे येतात, तेव्हा त्यांतले कुठलेही त्या मुलाचे स्वतःचे नसते. स्मरण याचा अर्थ पाठांतर नव्हे. जे डोळ्यांनी पाहिले ते आठवून काढायचे, एवढीच या पेपरची मागणी आहे. आणि पाहायला उपनगरात काय कमी आहे? घाटकोपर स्टेशनबाहेरची भाजीवाली एक गुडघा उभा करून बसते आणि मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडते. उजव्या हातात जड पिशवी धरलेली बाई डावीकडे झुकते आणि तिचा डावा हात अंगापासून दूर जातो. हे एकदा नीट पाहिले की ताठ, लाकडी माणसे कागदावर उतरतच नाहीत.

सरावाची एक साधी रीत आहे. रस्त्यावरच्या एखाद्या ठिकाणी दोन मिनिटे थांबायचे, फक्त पाहायचे. मोबाइलवर फोटो काढायचा नाही. घरी येऊन वहीत चित्र काढायचे. दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्याच जागी जायचे आणि आपण कुठे चुकलो ते तपासायचे. आठवड्यात दोनदा असे केले, तरी दोन महिन्यांत मुलाचा हात आणि डोळा दोन्ही बदललेले दिसतात.

वस्तुचित्रासाठी श्रोत्यांनी आत्ताच एक स्टीलचा पेला हातात घ्यावा. डोळ्यासमोर अगदी सरळ धरला की वरची कड आडवी रेघ दिसते. हळूहळू खाली न्या, त्या रेघेचे लंबवर्तुळ होते आणि ते रुंदावत जाते. याचा अर्थ, टेबलावरच्या पेल्याचे बूड त्याच्या तोंडापेक्षा अधिक गोलसर काढावे लागते, कारण ते डोळ्यांच्या पातळीपासून अधिक खाली असते. बहुतेक मुले बूड सरळ रेघेने संपवतात आणि मग पेला टेबलावर टेकत नाही. परीक्षेत वस्तूंची मांडणी एकच, पण बसण्याच्या जागा वेगळ्या. आपल्या जागेवरून किटलीचा कान दिसत नसेल तर तो काढू नये, शेजाऱ्याच्या कागदावर कितीही सुंदर दिसत असला तरी.

यथार्थदर्शनाचा धडा तर लोकलच्या डब्यातच आहे. दाराशी उभे राहून डब्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिले की टांगलेल्या कड्यांची रांग लहान होत जाते. कड्या, बाके, खिडक्या यांच्या रेषा दूर एकाच बिंदूकडे धावतात. दुपारी डबा रिकामा असताना मुलांना हे जरूर दाखवावे.

संकल्पचित्रात मुले बाजारातल्या पुस्तकातली नक्षी उतरवतात आणि कागद गच्च भरतात. मोकळी जागा हाही नक्षीचाच भाग आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. कमी रेषांत किती मावते याचे उत्तम उदाहरण रोज आपल्या खिशात असते. रुपयाचे चिन्ह डी. उदय कुमार यांनी केले. ते पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात, म्हणजे आयडीसीत, संशोधक विद्यार्थी होते. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांचा मेळ, वर शिरोरेषा, खाली तिला समांतर आणखी एक रेघ. केंद्र सरकारने ते १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. ते मुलांपुढे ठेवावे आणि विचारावे, यातली कुठली रेघ काढून टाकता येईल?

चौथ्या पेपरकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि सर्वांत खात्रीचे गुण तिथेच असतात. चित्राबद्दल दोन परीक्षकांची मते वेगळी होऊ शकतात. पंचकोनाची बाजू मात्र मापाप्रमाणे असते किंवा नसते. कर्कटकाचा सैल स्क्रू आणि बोथट पेन्सिल यांनी जितके गुण जातात तितके अज्ञानानेही जात नसतील. रचनेच्या रेषा टू-एच पेन्सिलने बारीक काढाव्यात, उत्तराची आकृती एचबीने ठळक करावी आणि रचनेच्या रेषा पुसू नयेत. आकृती कशी साधली हे त्यांतूनच दिसते. घनभूमितीसाठी खडूचा खोका आणि चहाचा डबा पुरेसा आहे. समोरून काय दिसते, वरून काय दिसते, हे प्रत्यक्ष वस्तू हातात फिरवून समजते. पुढे अभियांत्रिकीच्या रेखाटनात हेच कामी येते. अभिकल्प शिक्षणासाठी आयआयटी मुंबई २०१५पासून जी ‘यूसीड’ परीक्षा घेते, तिच्यातही हाताने रेखाटन करावे लागते.

अक्षरलेखनात अक्षरांमधले अंतर पट्टीने सारखे ठेवले की शब्द विसकटलेला दिसतो. ‘र’ अंगाने सडपातळ, ‘ज’ ऐसपैस. त्यांच्यामधली जागा डोळ्यानेच जोखावी लागते. शिवाय वेलांट्या आणि मात्रा शिरोरेषेच्या वर जातात, उकार खाली उतरतात. त्यांची जागा आधी राखून मग पट्टी आखावी. संगणकावर मराठी लिहिणाऱ्यांना परिचित असलेला ‘मंगल’ हा टंक सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. ते जे. जे. संस्थेत शिकले आणि पुढे पवईच्या आयडीसीत शिकवत होते. घरातल्या संगणकावर ‘मंगल’मध्ये आपले नाव मोठे करून छापावे आणि अक्षरांमधली जागा न्याहाळावी. हा सराव फुकट आहे.

राहिली मुंबईची हवा. परीक्षा सहसा सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला येते. त्या दिवसांत पोस्टर कलर लवकर वाळत नाही आणि ओल्या रंगाशेजारी दुसरा लावला की दोन्ही मिसळतात. म्हणून संकल्पचित्रात एका रंगाची सगळी लांबलांबची घरे आधी भरावीत, शेजारची नंतर. पालकांनी आदल्या रात्री बोर्ड, क्लिपा, टोक केलेल्या पेन्सिली आणि जुन्या सुती कापडाचा तुकडा काढून ठेवावा. पाण्यासाठी भांडी दोन द्यावीत, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ पाण्याचे.